शुक्रवारचं चीज

एव्हारिस्तो लुहानला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. अंगणात गेला की वाटायचं आत फोन वाजतोय, आत आला की वाटायचं बाहेर गाडी थांबली. त्यात मार्चचा वारा. कुआउतेमोक गावात मार्चात वारा सुटला की तो माणसाला धड विचार करू देत नाही. पत्रे धडधडतात, कुत्री विनाकारण भुंकतात, दाताखाली धूळ कचकचते आणि घरातली दारं आपणहून उघडझाप करतात. दार वाजलं की एव्हारिस्तो उठायचा, आणि दर वेळी दारात वाराच असायचा.

आज नोएमी येणार होती. राहायला नव्हे, तिचं शिवणाचं मशीन न्यायला.

मुलीचा, लेतीचा, काल हुआरेसहून फोन आला होता. "पप्पा, उद्या रामिरो विक्रीचं चीज भरून न्यायला तुमच्या गावाकडे येतोय. आई त्याच्या गाडीतून येतेय. मशीन घेऊन जाणार म्हणाली."

"मशीन कशाला? तुझ्या मावशीकडे सुईदोरा नाही का?"

"पप्पा, तुम्ही लहान आहात का?" लेती म्हणाली. "कपडे घेऊन गेली तेव्हा ती रागात होती. रागात माणूस कपडेच नेतो. मशीन नेतेय म्हणजे तिनं शांतपणे ठरवलंय. कळतंय ना, मी काय म्हणते ते?"

कळत होतं. कळत होतं म्हणून तर रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. मशीन गेलं की नोएमी गेली, ती कायमची.

एव्हारिस्तोची तक्रार अशी, की भांडण झालंच नव्हतं. झालं असतं तर मिटवता आलं असतं! जानेवारीत, तीन राजांच्या सणाला, गोल गोड पाव कापला तेव्हा आतली बाळाची इवलीशी बाहुली ह्याच्या फोडीत निघाली. ज्याच्या फोडीत बाळ निघेल त्यानं फेब्रुवारीत, कांदेलारियाच्या दिवशी, सगळ्यांना तमाले खाऊ घालायचे, हा रिवाज. एव्हारिस्तोनं ती बाहुली उंच धरून अख्ख्या गल्लीला आमंत्रण देऊन टाकलं. मान ह्याचा, घाम तिचा. नोएमीनं मक्याचं पीठ मळलं, लाल मिरचीत मांस शिजवलं, कणसांची सालपटं भिजवली आणि एकेक तमाल सालपटात गुंडाळून वाफवला. मनगट दुखत होतं तरी. आणि कांदेलारियाच्या दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या टेबलाच्या मुख्य खुर्चीत बसून, ह्या गृहस्थानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, "यंदा जरा कोरडे झालेत, नाही?"

त्यात वाईट हेतू नव्हता. काही माणसं तोंड उघडं आहे म्हणून बोलतात, त्यातलं ते. नोएमीनं एप्रन सोडला, त्याची घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि पाहुणे गेल्यावर बहिणीला, कुकाला, फोन केला. तेव्हापासून ती चिवावा शहरात कुकाकडेच होती. एप्रनची घडी खुर्चीवर होती तशीच होती. आधी एव्हारिस्तोला वाटलं, चार दिवसांत येईल. मग वाटलं, उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी येईल, तिला आपल्या चर्चशिवाय चैन पडत नाही. राखेचा बुधवारही गेला.

माफी मागा, असं लेतीचं म्हणणं. पण लुहानांच्या घराण्यात पुरुषानं माफी मागायची पद्धत नव्हती. कशी मागतात हे कोणी कोणाला दाखवलेलंच नव्हतं. तेव्हा एव्हारिस्तोनं वळसा घ्यायचं ठरवलं. बोलायचं काहीच नाही. नोएमीच्या आवडीचा पदार्थ करायचा आणि समोर ठेवायचा. ती काय समजायचं ते समजेल.

आणि नोएमीच्या आवडीचा पदार्थ म्हणजे फुंदिदो, ह्यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. वाढदिवस असो, बारसं असो, रविवारी अंगणात मांस भाजायचं असो, निखारे धरेपर्यंत लोकांनी काय करायचं, म्हणून नोएमीचं फुंदिदो आधी यायचं. मातीच्या पसरट भांड्यात वितळून बुडबुडणारं चीज, त्यावर चोरिसोचे, म्हणजे डुकराच्या मसालेदार मांसाचे, लालभडक कण, आणि मैद्याच्या मऊ पोळीत, तोर्तियेत, ते लांबच्या लांब तार ओढत भरून घ्यायचं. जी बाई एखादा पदार्थ आयुष्यभर करते तिला तो आवडत असणारच. एव्हारिस्तोचा तर्क इतका सरळ होता.

"आणि त्यात आहे काय?" तो कुत्र्याला, कानेलोला, म्हणाला. "चीज विस्तवावर ठेवलं की वितळतं. विस्तवाला शिकवावं लागत नाही."

एव्हारिस्तोची सगळी नोकरी सफरचंदांच्या शीतगृहात कॉम्प्रेसर सांभाळण्यात गेली होती. हयात गेली वस्तू थंड ठेवण्यात, आणि काहीतरी गरम करायची पाळी आली ती आज.

सकाळीच तो मेनोनाइटांच्या वस्तीवर जाऊन चीज घेऊन आला होता. ते गोरेघारे, अबोल शेतकरी दारातच चीज विकतात, आणि त्या चीजला अख्ख्या मुलखात तोड नाही. घरी येऊन त्यानं त्याचे ठसठशीत चौकोन कापले, भांड्यात रचले आणि गॅस पूर्ण सोडला. फडफडफड असा आवाज झाला. आवाज मोठा म्हणजे काम चांगलं चाललंय, असं समजायची त्याला यंत्रांमुळे सवय होती. तेवढ्यात बाहेर दार वाजलं, तो धावला, वारा होता, परत आला. भांड्यात वर पिवळं तेल तरंगत होतं आणि खाली चीज चपलेच्या तळासारखं घट्ट बसलं होतं. काट्यानं उचललं तर सगळंच्या सगळं एकसंध वर आलं. ते त्यानं अंगणात कानेलोपुढे टाकलं. कानेलोनं हुंगलं, मालकाकडे पाहिलं, आणि त्याचा अपमान नको म्हणून तोंडात धरून नेऊन कोपऱ्यात पुरलं.

शेवटी लेतीला फोन केला. सगळं ऐकून लेती बराच वेळ हसत राहिली, आणि मग हसता हसता तिचा आवाज एकदम हळवा झाला.

"पप्पा, तुम्ही करताय? स्वतः?"

"मग काय कॉम्प्रेसर करतोय? लवकर सांग, ती निघाली असेल."

"ऐका. चीज कापायचं नाही, किसायचं. गॅस मंद, अगदी मंद. भांडं आधी कोमट करून घ्या. चोरिसो वेगळं परता आणि त्याचं सुटलेलं तेल ओतून टाका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोर्तिया गरम असल्याशिवाय आणि माणूस खुर्चीत बसल्याशिवाय चीज विस्तवावर ठेवायचं नाही. ते कोणासाठी थांबत नाही. एकदा आळलं की संपलं. परत गरम केलंत तर रबर."

त्यानं चीज किसलं. चीजबरोबर बोटाचं कातडंही किसलं. शिव्या दिल्या, बोट चोखलं, पुन्हा किसलं. चोरिसो परतताना तेल उडून शर्टावर नक्षी उमटली, तेव्हा खुर्चीवरची ती घडी त्यानं जपून उचलली, उलगडली आणि एप्रन पोटाला बांधला. पोट मोठं, नाड्या अपुऱ्या. मागची गाठ कशीबशी बसली.

तेवढ्यात फोन. नोएमीचा भाचा रामिरो.

"काका, तयारीत राहा! हे काय, पोहोचलोच आम्ही!"

आता ह्या मुलखात 'पोहोचलोच' म्हणणारा माणूस बहुधा अजून आंघोळीला गेलेला नसतो. 'निघालोय' म्हणाला तर अंथरुणात असतो, आणि 'कोपऱ्यावर आहे' म्हणाला तर कोणत्या गावाच्या कोपऱ्यावर ते विचारायचं नसतं. हे एव्हारिस्तोला कोणी सांगायला नको होतं. तो स्वतः लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये 'पोहोचलोच' असा निरोप पाठवून दाढी करत बसला होता. पण आयुष्यभर हीच थाप मारलेला माणूस नेमका ह्या दिवशी तिला बळी पडला. त्यानं भांडं कोमट केलं, चीज पसरलं, गॅस मंद केला.

आणि काय जमलं म्हणता! कडेनं हळूहळू ओघळायला लागलं, मग मधून एक बुडबुडा आला, मग सगळीकडून. वरून त्यानं चोरिसो भुरभुरलं. लाल रंग पांढऱ्यावर झिरपत गेला, घरभर वास सुटला, आणि एव्हारिस्तोचा ऊर भरून आला. तो धावत दारात गेला. रस्त्यावर धूळ, एक उडती पिशवी, आणि बाकी कोणी नाही.

परत आत. परत बाहेर. गॅस आणखी बारीक केला. बारीक केला तर साय धरायला लागली, म्हणून मोठा केला. मोठा केला तर कडा करपायला लागल्या, म्हणून बंद केला. मग तो चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत नुसता येरझाऱ्या घालत राहिला, आणि शेवटी त्यानं फोन लावला.

"कुठे आहात?"

"काका, आलोच की! टोलनाका आता दिसेल."

टोलनाका म्हणजे अर्धी वाट. आणि तोही अजून दिसायचाच होता.

"अरे गाढवा, मग पोहोचलो काय म्हणालास?"

"मनानं पोहोचलो होतो, काका," रामिरो म्हणाला. पलीकडून नोएमीचा आवाज आला, "कोण आहे?" आणि रामिरो म्हणाला, "काका." एव्हारिस्तोनं घाईघाईनं फोन ठेवून दिला.

भांड्यातलं चीज आळून गेलं होतं.

नेमकी त्याच वेळी शेजारची दोन्या चोना कुंपणाच्या फटीतून आत आली. वय झालेलं, गुडघे गेलेले, पण नाक तरुण. डोक्याला रुमाल बांधून ती चर्चला निघाली होती.

"काय रे, घर पेटवतोयस की बायकोला आणतोयस?"

"आणतोय, दोन्या चोना. येतेय ती. बघा, फुंदिदो केलंय. माझं मी."

म्हातारीनं भांड्यात डोकावलं. मग त्याच्याकडे पाहिलं. मग परत भांड्यात.

"ते लाल काय आहे?"

"चोरिसो. उत्तम प्रतीचं आहे, साधंसुधं नाही."

"एव्हारिस्तो," म्हातारी अगदी हळू म्हणाली, "आज वार कोणता?"

"शुक्र—" एव्हारिस्तो म्हणाला.

"शुक्रवार! उपासकाळातला शुक्रवार!" दोन्या चोनानं क्रूसाची खूण केली, एकदा स्वतःवर आणि एकदा भांड्यावर. "जी बाई उपासकाळात शुक्रवारी मांसाचा वाससुद्धा घेत नाही, तिच्यापुढे तू डुक्कर ठेवणार? अरे, तिला घरी आणायचंय की नरकात धाडायचंय?"

एव्हारिस्तो मटकन खुर्चीत बसला. इतकी वर्षं शुक्रवार त्याला ताटातून कळायचा. ताटात मसुराचं सूप, मासळी, चीज भरलेल्या मिरच्या आल्या की समजायचं, उपासकाळ लागला, आज शुक्रवार. तो कुरकुरायचा आणि खायचा. ताट वाढणारी गेली तशी वारांशी त्याची ओळखही तुटली. गेल्या शुक्रवारी त्यानं कोपऱ्यावरच्या गाडीवर तोर्तियेत मांस गुंडाळलेला बुरितो खाल्ला होता, आणि मिटक्या मारत.

"बसतोस काय?" दोन्या चोना कडाडली. "चीज उरलंय का?"

"मूठभर."

"मूठभर पुरे. पाहुणी एकच आहे. मिरच्या घाल त्यात. नोएमीनं सप्टेंबरात भाजून, सोलून, उन्हात वाळवल्या त्या."

"कुठे असतात त्या?"

"मला विचारतोस? घर तुझं की माझं?" असं म्हणून म्हातारी घंटेच्या आवाजाच्या दिशेनं लंगडत निघून गेली.

मग एव्हारिस्तोनं स्वतःच्या स्वयंपाकघरात शोधाशोध सुरू केली. चोरानं करावी तशी. ह्या फडताळात कप, त्या फडताळात कप, इतके कप कशाला? एका डब्यात बटणं. एकात लेतीचे दुधाचे दात. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मीठ कुठे असतं हे त्याला परवापरवा कळलं होतं. घड्याळाकडे बघत, दाराकडे कान ठेवत तो एकेक खण ओढत गेला, आणि पिठाच्या पिंपामागे एक कापडी पिशवी लागली. आत काळ्याहिरव्या, सुरकुतलेल्या मिरच्या. पिशवीचं तोंड उघडल्याबरोबर सप्टेंबरातलं अंगण नाकाशी आलं, तो धूर, आणि नोएमीचे भाजलेली सालं सोलून काळे झालेले हात. तेव्हा तो बाजूला बसून बिअर पीत होता. "अजून किती?" असंही त्यानं विचारलं होतं, कारण जेवायला उशीर होत होता.

मिरच्या गरम पाण्यात टाकल्या. चोरिसोचं भांडं बाजूला सारलं. दुसरं, लहान भांडं घेतलं आणि ते दोनदा घासलं, सुरी, किसणी, हात, सगळं घासलं. इतक्या सोवळ्यानं त्यानं आयुष्यात काही धुतलं नव्हतं. मिरच्या फुगल्या, त्यांच्या उभ्या पट्ट्या कापल्या. उरलेलं चीज किसलं. ते खरोखरच मूठभर होतं. ह्या वेळी चुकलं तर संपलं. वस्तीवर जाऊन यायला वेळ नव्हता आणि घर सोडायची हिंमत नव्हती. त्यानं ठरवलं, आता ती खुर्चीत बसल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. कोणी काहीही म्हणो.

गाडी आली. ह्या वेळी खरंच आली.

नोएमी उतरली. केस कापले होते तिनं, कानापर्यंत. एव्हारिस्तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिला. ती आत आली, तिनं इकडेतिकडे पाहिलं नाही, आणि सरळ मागच्या खोलीकडे वळली.

"बरी आहेस?" त्यानं आतूनच विचारलं.

"बरी आहे. वेळ नाही घेत तुझा. रामिरोला अंधाराच्या आत परतायचंय." आणि मग, "रामिरो, दोर आण. आधी मशीनचे खालचे पाय सोडवायला लागतील."

ती खुर्चीत बसणार नव्हती. खुर्चीच्या जवळपासही येणार नव्हती. मागच्या खोलीत खण ओढल्याचा आवाज आला, मग कात्र्या पिशवीत पडल्याचा. एव्हारिस्तोनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा चुलीकडे पाहिलं, आणि गॅस पेटवला.

चीज पसरलं. मिरच्या घातल्या. शेजारी तव्यावर पहिली तोर्तिया टाकली. आता हलायची सोय नव्हती. इकडे चीजच्या कडा ओघळायला लागल्या, तिकडे लोखंडी पाय फरशीवरून ओढल्याचा कर्रकर्र आवाज यायला लागला. जावं तर हे करपतं, न जावं तर ते जातं.

"नोएमी!"

"काय?"

"जरा इकडे ये."

"तूच ये ना. मी कामात आहे."

"मला इथून हलता येत नाहीये!" तो ओरडला.

मागच्या खोलीतला आवाज थांबला. त्या घरात हे वाक्य आजवर तिचं होतं. तो बाहेरून हाका मारायचा आणि ती चुलीपासून हेच सांगायची, रोज, वर्षानुवर्षं. नोएमी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. समोर तिचा नवरा, तिच्या एप्रनमध्ये, बोटाला चिंधी, एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात वाफाळती तोर्तिया.

"बस," तो म्हणाला. मग त्याला स्वतःचाच आवाज आवडला नाही. "बसतेस का? थांबत नाही हे."

ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, पर्स मांडीवर धरून. त्यानं भांडं तिच्यासमोर ठेवलं. मधोमध एक बुडबुडा आला आणि फुटला. तिनं मिरची पाहिली, वाकून वास घेतला, आणि पर्स टेबलावर ठेवली.

त्यानं तोर्तिया दिली. ती खायला लागली. तो दुसरी भाजायला वळला.

रामिरोही वासानं ओढला जाऊन आत आला आणि त्यानं हात पुढे केला. एव्हारिस्तोनं फडक्यानं त्याच्या हातावर फटका मारला. "तुझं ते तिकडे. चोरिसोचं. पाप्यांसाठी केलंय."

"एवढ्या धुळीत देवाला काय दिसणार, काका," रामिरो म्हणाला, आणि आळलेल्या चीजचा तुकडा त्यानं काट्यानं उपसला. बराच वेळ चावला. "चांगलंय. टायरचं पंक्चर बसेल ह्यानं."

नोएमी खात होती. एव्हारिस्तो तव्यापाशी उभा होता आणि एकामागून एक तोर्तिया देत होता. एक उलटायची, एक काढायची, फडक्यात गुंडाळून गरम ठेवायची, पुढची टाकायची. तिला कसं लागतंय हे बघायला मान वळवली तर तोर्तिया करपत होती. म्हणून तिला तो बघू शकला नाही. फक्त चीजची तार तुटल्यावर तिचं बोट भांड्याच्या कडेला लागल्याचा आवाज ऐकत राहिला. शेवटची तोर्तिया त्यानं स्वतःसाठी टाकली. सकाळपासून पोटात कॉफीशिवाय काही नव्हतं. ती घेऊन तो वळला, तर भांडं रिकामं होतं. रिकामं म्हणजे पुसलेलं.

नोएमी त्या भांड्याकडे असं बघत होती, जणू दुसरंच कोणीतरी खाऊन गेलं होतं.

"तुझ्यासाठी ठेवायचं राहिलं," ती म्हणाली.

"राहू दे."

"गरम असताना वेगळंच लागतं हे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, म्हणजे?" ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांच्या तोर्तिया भाजून मी येईपर्यंत त्याचा गोळा झालेला असायचा. मी आपली काट्यानं खरवडायचे."

हातातली तोर्तिया तशीच धरून एव्हारिस्तो उभा राहिला. "मग तुला ते आवडायचं कसं?"

"कोण म्हणालं मला आवडतं?" नोएमी खरोखरच चकित झाली. "तुला आवडतं!"

एव्हारिस्तोला लाज वाटली. साधी, सरळ लाज, कानाच्या पाळ्यांपर्यंत. तिचा असा म्हणून जो एकच पदार्थ त्याला ठाऊक होता, तो त्याचाच निघाला होता. रामिरोनं चावणं थांबवलं आणि बाहेर गाडीकडे बघून येतो असं पुटपुटत तो सटकला.

"ते तमाले कोरडे नव्हते," एव्हारिस्तो म्हणाला.

"मला माहीत आहे. केले होते मीच."

"चुकलो मी."

"हो," नोएमी म्हणाली. तिनं ते झाकायचा किंवा हलकं करायचा प्रयत्न केला नाही. मग ती उठली. "मशीन नेतेय मी, एव्हारिस्तो. ईस्टरनंतर चर्चमध्ये पोरींचा पहिल्या कम्युनियनचा विधी आहे, पांढरे झगे शिवायला घेतलेत. आणि कुकाकडे मी बसून जेवते. खुर्चीवर. पोटभर."

"आज इथेही बसलीस की."

"आज," ती म्हणाली.

"आज," त्यानं कबूल केलं.

तो मागच्या खोलीत गेला. रामिरो दोर घेऊन आला तर त्याला बाजूला सारून एव्हारिस्तोनं मशीनचं जड डोकं स्वतः उचललं, पोटाशी धरलं, आणि वाऱ्यात डोळे मिचकावत अंगणातून गाडीपर्यंत नेलं. तिच्या यंत्रात धूळ जाऊ नये म्हणून पलंगावरचं चांगलं ब्लँकेट आणून त्याला गुंडाळलं. दोर बांधला. सोडून पुन्हा बांधला. आता बांधण्यासारखं काही शिल्लक नव्हतं, तरी तो गाडीभोवती फिरत राहिला. कानेलो त्याच्या मागे मागे.

नोएमी पुढच्या सीटवर बसली. त्यानं दार लावलं, पण खिडकीवरचा हात काढवेना.

"रामिरो पुढच्या शुक्रवारी चीज भरायला येईलच ना?"

"दर शुक्रवारी येतो मी, काका," रामिरो म्हणाला.

"तूही ये, नोएमी. मी करीन काहीतरी. बसायला ये नुसती."

"काय करशील?"

फुंदिदो, असं त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यानं तोंड मिटलं. मग, आपल्याला हे आजवर का सुचलं नाही ह्याचीच भीती वाटून, त्यानं विचारलं, "तुला काय आवडतं?"

सोप्या प्रश्नाला द्यावं तसं उत्तर द्यायला नोएमीनं लगेच तोंड उघडलं. काही आलं नाही. "लेतीला ते—" ती म्हणाली आणि थांबली. "कुकाकडे आम्ही—" पुन्हा थांबली.

"त्यांना नाही. तुला."

ती समोरच्या काचेकडे बघत राहिली. काचेवर धूळ बसत होती. तिचे ओठ हलले, जणू काही नावं ती मनातल्या मनात म्हणून बघत होती आणि एकेक बाजूला ठेवत होती. रामिरोनं घड्याळ पाहिलं आणि इंजिन सुरू केलं.

"थांब रे जरा," नोएमी म्हणाली. "मला विचार करू दे."

रामिरोनं इंजिन बंद केलं.